युरोपातला कन्सोलचा खप: कुठला आकडा कशाशी ताडावा?

युरोपातल्या व्हिडिओ गेम कन्सोलच्या, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रांच्या, विक्रीबद्दल वडोदऱ्यातून आलेली पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या बहुतेक शंकांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न: मी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स, स्पेन आणि इटली या पाच देशांतली कन्सोलविक्री शेजारी शेजारी मांडायची आहे. आकडे भरपूर मिळाले, पण एकाचा दुसऱ्याला मेळ लागत नाही. कुठला खरा धरू?
– एक विद्यार्थिनी, सयाजीगंज

उत्तर: त्यातले बरेचसे खरे असतील. फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत. म्हणून आधी प्रत्येक आकड्यापुढे तो कुठल्या पायरीवर मोजला आहे ते लिहा. कन्सोल कारखान्यातून निघतो, वितरकाच्या गोदामात जातो, तिथून दुकानात आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या घरी. कंपन्या आपल्या तिमाही अहवालात देतात तो आकडा बहुधा 'सेल-इन'चा, म्हणजे दुकानदार-वितरकांकडे रवाना झालेल्या नगांचा. बाजारसंशोधन संस्था देतात तो 'सेल-थ्रू'चा, म्हणजे गल्ल्यावर बिल फाटलेल्या नगांचा. दोहोंत फरक पडतो तो वाटेतल्या आणि फळीवरच्या मालाचा. ऑक्टोबरात दिवाळीचा माल भरून ठेवणाऱ्या दुकानात हाच फरक डोळ्यांनी दिसतो. नाताळाच्या आधीच्या तिमाहीत सेल-इन फुगते आणि नंतरच्या तिमाहीत बसते, तेही याचमुळे.

कन्सोल बनवणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांचे वागणेही तीन तऱ्हांचे आहे. निन्टेन्डो जपान, अमेरिका खंड, युरोप आणि इतर अशी विभागवार विभागणी देते, पण युरोपातल्या एकेका देशाचा आकडा त्या तक्त्यात नसतो. सोनी पीएस5 चा, म्हणजे प्लेस्टेशन 5 चा, फक्त जगभराचा आकडा देते: 2022-23 या आर्थिक वर्षात 1 कोटी 91 लाख, 2023-24 मध्ये 2 कोटी 8 लाख. मायक्रोसॉफ्टने कन्सोलचे नग सांगणे 2015 पासून बंद केले. वर्षही सारखे नाही. सोनी आणि निन्टेन्डोचे वर्ष आपल्यासारखेच 31 मार्चला संपते, मायक्रोसॉफ्टचे 30 जूनला. म्हणजे कंपन्यांच्या अहवालांतून तुमचा पाच देशांचा तक्ता भरणारच नाही. त्यासाठी देशोदेशीच्या संघटनांकडे जावे लागते.

जर्मनीत 'गेम' ही उद्योगसंघटना आहे. 2018 मध्ये दोन जुन्या संघटना एकत्र येऊन ती झाली. फ्रान्समध्ये 'सेल' ही 1995 पासूनची प्रकाशकांची संघटना दरवर्षी बाजाराचा अहवाल काढते. स्पेनची 'एईव्हीआय', इटलीची 'आयआयडीईए' (2020 पर्यंत तिचे नाव 'एईएसव्हीआय' होते) आणि ब्रिटनची 'यूकी' हेही वार्षिक आकडे देतात. यांतले बरेच आकडे न्यूरेंबर्गच्या जीएफके या संशोधन संस्थेच्या दुकानांच्या पॅनेलवरून येतात. ठरलेली दुकाने आपली बारकोडनिहाय विक्री आठवड्याला पाठवतात, न पाठवणाऱ्यांच्या विक्रीचा अंदाज गुणक लावून धरतात. पॅनेलमध्ये तीनचतुर्थांश बाजार असेल तर गुणक 1.33 होतो. पॅनेलमध्ये झालेली चूकही मग तेवढ्यानेच फुगते. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून थेट घरी गेलेला नग पॅनेलमध्ये येईलच असे नाही, आणि जुन्या-वापरलेल्या कन्सोलची विक्री या मोजणीत धरत नाहीत.

'जीएसडी' ही दुसरी मोजणी 'व्हिडिओ गेम्स युरोप' या युरोपीय संघटनेशी जोडलेली आहे. 2023 पर्यंत ही संघटना 'आयएसएफई' नावाने ओळखली जाई. या मोजणीत डाउनलोड होऊन विकले गेलेले गेमही असतात, पण निन्टेन्डो आपल्या गेमची डाउनलोड-विक्री तिथे कळवत नाही. जीएसडीचे कन्सोलचे आकडे बातम्यांत येतात तेव्हा 'ब्रिटन आणि जर्मनी वगळून' अशी एक ओळ खाली असते. ती ओळ सुटली की युरोपातले दोन सर्वांत मोठे बाजार नसलेली बेरीज 'युरोपची विक्री' म्हणून प्रोजेक्टात चिकटते. या विषयात यापेक्षा जास्त वेळा होणारी चूक आमच्या पाहण्यात नाही.

आता तक्ता. निदान आठ स्तंभ ठेवा: देश, स्रोत, मोजणीची पायरी, कालावधीची पहिली आणि शेवटची तारीख, त्यात भरणारे आठवडे, धरलेली मॉडेल्स, नग की रक्कम, आणि रक्कम असेल तर करासह की कराविना. मॉडेल्सचा स्तंभ अनावश्यक वाटेल, पण निन्टेन्डो स्विचच्या एकूण आकड्यात साधा स्विच (मार्च 2017), टीव्हीला न जोडता येणारा लाइट (सप्टेंबर 2019) आणि ओएलईडी (ऑक्टोबर 2021) हे तिन्ही एकत्र असतात. एका घरात दोन भावंडांना दोन लाइट घेतले की नग दोन, घर एकच. जुना देऊन ओएलईडी घेतला तरी नग दोनच. पीएस5 किंवा मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सच्या बाबतीत एका घरात दोन नग क्वचित असतात. म्हणून 'स्विचचे इतके नग म्हणजे इतकी घरे' असे वाक्य लिहू नका.

रकमेच्या स्तंभात मूल्यवर्धित कर घोटाळा करतो. युरोपात छापील किंमत करासह असते आणि दर देशागणिक वेगळा: जर्मनी 19 टक्के, फ्रान्स आणि ब्रिटन 20, स्पेन 21, इटली 22, हंगेरीत तर 27. पीएस5 नोव्हेंबर 2020 मध्ये युरो वापरणाऱ्या देशांत 499.99 युरोला आला. त्यातून कर वजा केला तर जर्मनीत 420.16 युरो उरतात, स्पेनमध्ये 413.21, इटलीत 409.83. वजाबाकी करताना 499.99 चे 19 टक्के काढू नका, 1.19 ने भागा. आणि ध्यानात ठेवा, कोरोनाच्या काळात जर्मनीने जुलै ते डिसेंबर 2020 हा दर 16 टक्क्यांवर आणला होता. पीएस5 नेमका त्याच सहामाहीत आला.

शेवटी छेद, म्हणजे कशाने भागायचे. हे मानलेले आकडे पाहा. 'अ' देशात 12 लाख कन्सोल विकले, लोकसंख्या 8 कोटी 40 लाख, घरटी सरासरी 2 माणसे. 'ब' देशात 8 लाख कन्सोल, लोकसंख्या 4 कोटी 80 लाख, घरटी 2.5 माणसे. नगांत 'अ' दीडपट. दर हजार माणशी पाहिले तर अ 14.3 आणि ब 16.7, म्हणजे 'ब' थोडासा पुढे. दर हजार घरांमागे मात्र अ 28.6 आणि ब 41.7, म्हणजे 'ब' जवळपास दीडपट. टीव्हीला जोडायचा कन्सोल घरटी एक असतो, म्हणून त्याला घरांनी भागणे रास्त. हातात धरायच्या यंत्राला माणसांनी. मानलेले असले तरी हे आकडे जर्मनी आणि स्पेनच्या लोकसंख्येला आणि कुटुंबाच्या आकाराला जवळचे आहेत, तेव्हा तुमच्या तक्त्यातही हाच उलटफेर होऊ शकतो.

प्रश्न: माझे रावपुऱ्यात इलेक्ट्रॉनिक्सचे दुकान आहे. युरोपातले मासिक आकडे वाचतो. एकाच देशात एका वर्षी नोव्हेंबर तेजीत दिसतो, पुढच्या वर्षी नोव्हेंबर पडतो आणि डिसेंबर फुगतो. गिऱ्हाईक इतके बदलते का?
– एक दुकानदार

उत्तर: गिऱ्हाईक तेच आहे, महिना सरकला आहे. आपल्याकडे 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होते आणि 2024 मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर. तुमच्या वहीत 2024 चा नोव्हेंबर मागच्या वर्षाशी लावला तर धंदा बसला असेच वाटेल. युरोपात तेच काम ब्लॅक फ्रायडे, म्हणजे नोव्हेंबरअखेरचा मोठ्या सवलतींचा शुक्रवार, करतो.

बऱ्याच मोजण्या कॅलेंडरच्या महिन्यांनी नव्हे, आठवड्यांनी होतात. तिमाहीचे 13 आठवडे 4, 4 आणि 5 असे तीन 'महिन्यां'त वाटतात. सोमवारी सुरू होणारे आठवडे धरले तर या पद्धतीत नोव्हेंबर 47 व्या आठवड्याला संपतो आणि 48 व्यापासून डिसेंबर लागतो. 2023 मध्ये ब्लॅक फ्रायडे 24 नोव्हेंबरला, 47 व्या आठवड्यात होता. 2024 मध्ये तो 29 नोव्हेंबरला, 48 व्या आठवड्यात गेला. म्हणजे वर्षातला सर्वांत मोठ्या सवलतींचा आठवडा एका वर्षी 'नोव्हेंबर'मध्ये आणि दुसऱ्या वर्षी 'डिसेंबर'मध्ये मोजला गेला. कॅलेंडरच्या महिन्याने मोजणाऱ्यांकडे हा घोळ होत नाही, कारण ब्लॅक फ्रायडे नेहमी 23 ते 29 नोव्हेंबरमध्येच पडतो. शिवाय पाच आठवड्यांचा डिसेंबर 35 दिवसांचा आणि कॅलेंडरचा 31 दिवसांचा. नुसत्या दिवसांचाच फरक 13 टक्क्यांचा.

यावर उपाय म्हणजे महिने सोडा आणि ऑक्टोबर ते जानेवारी असा अख्खा हंगाम एकत्र घ्या. जानेवारी का, ते देशांची तुलना करताना कळते. नेदरलँड्समध्ये मुलांना भेटी मिळतात त्या 5 डिसेंबरला, सिंटरक्लासच्या संध्याकाळी, म्हणून तिथली खरेदी लवकर होते. जर्मनीत 24 डिसेंबरची संध्याकाळ मुख्य. स्पेनमध्ये भेटींचा मोठा दिवस 6 जानेवारी, तीन राजांचा सण, आणि इटलीतही त्याच दिवशी बेफाना, म्हणजे मुलांना भेटी देणाऱ्या म्हातारीचा सण, असतो. नुसता डिसेंबर घेऊन स्पेन आणि नेदरलँड्स ताडणे म्हणजे 12 जानेवारीच्या संध्याकाळी गेंडीगेटला पतंगाच्या दुकानांचा हिशेब बंद करून वडोदऱ्याला पतंगांचा शौक कमी आहे म्हणणे. तेराच्या रात्रीची आणि वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाच्या, सकाळची विक्री त्यात आलेलीच नसते.

वार्षिक आकड्यांतही एक खाच आहे. 2020 हे 53 आठवड्यांचे वर्ष होते. आठवड्यांनी मोजलेले 2020 आणि 2021 ताडताना प्रत्येकाची आठवडी सरासरी काढून घ्या.

प्रश्न: ब्रिटनमध्ये एक्सबॉक्स इतका चालतो आणि समुद्र ओलांडला की स्पेन-इटलीत प्लेस्टेशनशिवाय कोणी बोलत नाही, असे का?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर: कारणे तीन-चार आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले भाषेचे. अमेरिकेत तयार झालेली सेवा ब्रिटनमध्ये भाषा न बदलता लागू होते. इतर देशांत मेनू, आवाजी सूचना, दुकान आणि ग्राहकसेवा सगळे नव्याने करावे लागते. 2013 मध्ये एक्सबॉक्स वन आला तेव्हा हे उघड दिसले. ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन यांना तो नोव्हेंबर 2013 मध्ये मिळाला. नेदरलँड्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि रशिया मात्र सप्टेंबर 2014 पर्यंत थांबले. तोवर पीएस4 युरोपात येऊन नऊ महिने झाले होते. या आठ देशांचे 2014 चे आकडे जर्मनीच्या 2014 शी लावू नका. कन्सोल त्या देशात आल्या दिवसापासून पहिले 12 महिने, असे लावा.

दुसरे कारण आधीच्या पिढीचे. एक्सबॉक्स 360 युरोपात 2 डिसेंबर 2005 ला आला, पीएस3 थेट 23 मार्च 2007 ला, आणि ब्रिटनमध्ये 425 पौंडांना. पंधरा-सोळा महिन्यांत मित्रमंडळींचे कंपू एका बाजूला गेले. ऑनलाइन खेळायचे तर मित्राकडे आहे तेच यंत्र घ्यावे लागते, त्यामुळे पुढच्या पिढीतही तो वाटा सहज हलत नाही. दर्जेदार ब्रिटिश स्टुडिओ मायक्रोसॉफ्टने विकत घेतले, त्याचाही हातभार लागला.

स्पेनमध्ये उलटे घडले. सोनीने देशोदेशी वेगळी कचेरी, त्या भाषेत आवाज दिलेले गेम आणि स्थानिक गाण्यांचा सिंगस्टार हा गाण्याचा गेम अशी मशागत पीएस2 च्या काळात केली. आज तिथे लोक कन्सोलला सर्रास 'ला प्ले' म्हणतात. आपण कोणत्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसे. ब्रँडचे नाव वस्तूचे नाव झाले की किमतीतल्या थोड्या फरकाने बाजार उलटत नाही.

जर्मनी आणि पोलंडबद्दल एवढेच, की तिथे पीसीवर खेळणारे पुष्कळ आहेत. कन्सोलचा खप कमी दिसला म्हणजे खेळणारे कमी, असा अर्थ तिथे काढू नये.

एक खबरदारी मात्र सगळ्याच देशांसाठी. 2021 आणि 2022 मध्ये चिप्सच्या तुटवड्यामुळे पीएस5 फळीवर येताच संपत होता. त्या काळातला एखाद्या देशाचा आकडा कंपनीने तिथे किती माल सोडला हे सांगतो, लोकांना किती हवा होता हे सांगत नाही. आवड-निवड ताडायची तर मालाची चणचण संपल्यानंतरचा काळ घ्या.

प्रश्न: खोक्यावरच्या बारकोडवरून तो नग कुठल्या देशात विकला गेला ते कळते का?
– एक वाचक, मांडवी

उत्तर: नाही. तेरा आकडी बारकोडचे पहिले आकडे कंपनीने क्रमांक कुठल्या देशात नोंदवला ते दाखवतात: 400 ते 440 जर्मनी, 300 ते 379 फ्रान्स, 890 भारत. सोनीचे बरेच खोके 0711719 ने सुरू होतात, मग ते म्युनिकला विकोत की माद्रिदला.

त्यापेक्षा मॉडेल क्रमांक थोडे जास्त सांगतो. पहिल्या पीएस5 वर CFI-1000A असेल तर जपान, 1015 अमेरिका, 1016 युरोप, आणि भारतातल्या खोक्यांवर 1008. पण ब्रिटनपासून इटलीपर्यंत 1016 च असल्याने देश त्यावरूनही कळत नाही. म्हणूनच सीमेपलीकडची विक्री मोजणे अवघड जाते. व्हिएन्नातल्या गिऱ्हाइकाने जर्मन वेबसाइटवरून मागवलेला कन्सोल जर्मनीच्या खात्यात जमा होऊ शकतो. ऑस्ट्रिया, लक्झेंबर्ग यांसारख्या छोट्या शेजाऱ्यांचे दरडोई आकडे यामुळे आहेत त्यापेक्षा कमी दिसतात. शक्य असेल तिथे जर्मनी आणि ऑस्ट्रिया एकत्र धरलेले बरे.

प्रश्न: भाचा म्युनिकला नोकरीला आहे. दिवाळीला येताना नातवासाठी पीएस5 आणीन म्हणतो. तिकडे कुठल्या देशात स्वस्त पडेल, आणि इथे चालेल ना?
– एक आजी, कारेलीबाग

उत्तर: आजी, युरो वापरणाऱ्या बहुतेक देशांत छापील किंमत एकच असते, तेव्हा देश बदलून फारसे वाचत नाही. वाचते ते ब्लॅक फ्रायडेच्या सवलतीत, आणि तो सहसा दिवाळीनंतर येतो. विमानतळावर कर परत मिळतो असे तुम्ही ऐकले असेल. ती सोय युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. भाचा जर्मनीत राहतो, त्यामुळे त्याला ती मिळणार नाही. तुमच्यापैकी कोणी तिकडे फिरायला गेले आणि स्वतःच्या पासपोर्टावर घेतले तर मिळेल. खरेदी 50 युरोंच्या वर हवी, दुकानातून निर्यातीचा फॉर्म घ्यायचा आणि सीलबंद खोका दाखवून कस्टमचा शिक्का मारून घ्यायचा. खोका हातातल्या सामानात असेल तर शिक्का युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर मिळतो. सामानात टाकायचा असेल तर चेक-इन पुरे होण्याआधी दाखवा. ब्रिटनने पर्यटकांची ही सोय जानेवारी 2021 पासून बंद केली.

इथे तो चालेल. वीज दोन्हीकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ आहे, ट्रान्सफॉर्मर लागत नाही. अडचण पिनेची. युरोपातल्या वायरच्या दोन पिना 4 मिलिमीटर जाडीच्या असतात. आपल्या 5 अँपिअरच्या सॉकेटात त्या शिरतात, पण सैल बसतात, ठिणगी उडते आणि सॉकेट काळे पडते. अॅडाप्टर लावत बसण्यापेक्षा, पीएस5 च्या मूळ किंवा स्लिम मॉडेलला मागे आठच्या आकड्यासारख्या तोंडाची वायर लागते, ती भारतीय पिनेची आयएसआय शिक्क्याची इथल्या दुकानातून घ्या.

गेमच्या डिस्क कुठल्याही देशाच्या चालतात. पण डिस्कचा विभाग आणि नातवाच्या खात्याचा विभाग वेगळा पडला तर त्या गेमचे जादा विकत घ्यायचे भाग बसतीलच असे नाही. म्हणून यंत्र तिकडून आणले तरी डिस्क इथूनच घ्या. सिनेमाच्या ब्लू-रे डिस्कचा विभाग युरोपात बी आणि भारतात सी आहे, त्यामुळे इथली विभागबंद ब्लू-रे त्यावर लागणार नाही. वॉरंटी युरोपची असल्याने दुरुस्तीला खोका परत तिकडे पाठवावा लागू शकतो. बिल आणि खोका दोन्ही जपून ठेवा, आणि भाचा असेपर्यंतच दोन-तीन तास सलग चालवून, डिस्क घालून-काढून, दोन्ही बाजूंचे यूएसबी तपासून घ्या.